टॅरो, गंजिफा आणि उगमाचा वाद

टॅरो या नावाने ओळखला जाणारा ७८ पानांचा संच आज भविष्य पाहण्याचे साधन म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याच्या इतिहासाची पहिली सुमारे साडेतीनशे वर्षे ही एका बैठ्या खेळाची वर्षे आहेत, आणि हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या उगमाचा वाद नीट उलगडत नाही. या संचातील ५६ पाने पेले, नाणी, तलवारी आणि दंड अशा चार रंगांत विभागलेली असतात. उरलेल्या २२ पैकी २१ पाने कायमच्या हुकमाची असून एक पान विदूषकाचे असते. उत्तर इटलीतील नोंदींत ही हुकमाची पाने १४४० च्या सुमारास प्रथम दिसतात, आणि मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा या राजघराण्यांसाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेली पाने आजही संग्रहालयांत जपलेली आहेत. त्या काळी त्यांचा उपयोग हात करण्यासाठी होता. भाकीत सांगण्यासाठी नव्हे.

भाकिताची कथा १७८१ मध्ये सुरू झाली. कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथात टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत लपवून ठेवलेले ज्ञान होय, असे प्रतिपादन केले. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, शांपोलियाँने ती १८२२ मध्ये उलगडली, आणि त्यानंतर वाचल्या गेलेल्या कोणत्याही लेखात जेबलँच्या मताला आधार सापडला नाही. पण तोवर एत्तेया नावाने लिहिणाऱ्या ज्योतिष्याने १७८५ मध्ये टॅरोवरून भविष्य पाहण्याची रीत पुस्तकरूपाने मांडली होती आणि लोकांच्या मनात इजिप्त कायमचे रुजले होते. हे पत्ते भारतातून निघालेल्या जिप्सी लोकांनी युरोपात नेले, असा दुसरा प्रवाद आहे. तोही टिकत नाही, कारण फ्लॉरेन्स नगराने १३७७ मध्येच पत्त्यांवर बंदी घातली होती आणि पश्चिम युरोपात जिप्सींचे तांडे त्यानंतर कित्येक वर्षांनी, पंधराव्या शतकात, दिसू लागले.

भारताचे नाव या वादात येते ते गंजिफामुळे. गंजिफा म्हणजे गोल, हाताने रंगवलेल्या पानांचा खेळ. महाराष्ट्रात त्याचे दोन प्रकार विशेष रूढ होते: आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली प्रकार, ज्याला सावंतवाडीकडे चंगकांचनी म्हणतात, आणि दहा रंगांचा, १२० पानांचा दशावतारी. दोन्हींत प्रत्येक रंगाची बारा पाने असतात, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. मोगली प्रकारातील ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे रंग फारशी दरबाराची आठवण देतात, तर दशावतारीत मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूचे अवतार आहेत. गंजिफाला हुकूम नसतो आणि त्यात भविष्यकथनही नाही.

हरप्रसाद शास्त्री यांनी १८९५ मध्ये बंगालमधील विष्णुपूरच्या दशावतारी पत्त्यांवर लिहिताना त्यांतील बुद्धाच्या स्थानावरून हा खेळ अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचा असावा, असे अनुमान काढले. त्याआधी, १८४८ मध्ये, चॅटो या इंग्रज लेखकानेही बुद्धिबळाप्रमाणे पत्त्यांचे मूळ पूर्वेकडे शोधले होते. या मतांमागील आस्था समजण्याजोगी असली, तरी त्यांचा आधार तोकडा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींचे विस्ताराने वर्णन आहे, पत्त्यांचा खेळ मात्र त्यात नाही. भारतातील गंजिफाचा पहिला ठाम उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या घटनांत येतो: सिंधच्या शाह हसनला या खेळाची आवड असल्याने त्याच्या मागणीवरून बाबराने त्याला गंजिफा पाठवला. १५३५ मध्ये वारलेला इराणी कवी अहली शिराझी याने आठ रंगांच्या ९६ पानांवर तितक्याच रुबाया रचल्या, म्हणजे मोगली प्रकाराची घडण तेव्हा इराणात परिपूर्ण होती. पुढे अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त अश्वपती, गजपती, नरपती अशा संस्कृत नावांच्या बारा रंगांचा १४४ पानांचा संच वर्णिला, आणि आलेला खेळ या भूमीत किती लवकर आपलासा झाला, याची ही सर्वांत बोलकी साक्ष आहे.

इराणातून दख्खनला येणारी वाट समुद्राची होती आणि ती आजच्या रायगड किनाऱ्याला लागत होती. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून निघून चौलला उतरला व तेथून जुन्नर, बीदरकडे गेला; घोडे, कापड आणि नोकरीच्या शोधात निघालेले इराणी सरदार याच वाटेने बहमनी व निजामशाही मुलखांत येत असत. पुढे १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्याला, ठाणे बांधण्यास आरंभ केला, आणि निजामशाहीचे चौल व पोर्तुगिजांचे चौल शेजारी शेजारी नांदू लागले. पोर्तुगिजांचे पत्ते पेले, नाणी, तलवारी व दंड यांचेच होते, आणि सोळाव्या शतकात ते त्यांच्या जहाजांतून थेट जपानपर्यंत पोहोचले. टॅरोचे चार रंग आणि इराणी गंजिफा अशा एकाच कुळाच्या दोन शाखा समोरासमोर येण्यास कोकणात चौल-रेवदंड्याइतकी अनुकूल जागा क्वचितच असेल. अर्थात हे अनुमान आहे, आणि त्याला अनुमानाइतकेच वजन द्यावे.

कूळ एकच, याचा पुरावा चित्रांत नसून खेळाच्या नियमांत आहे. मोगली गंजिफात ताज, सफेद, शमशेर व गुलाम या चार रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी भारी आणि एक्का सर्वांत हलका असतो, तर उरलेल्या चारांत क्रम उलटा होऊन एक्का भारी व दश्शी हलकी ठरते. टॅरोच्या जुन्या खेळातही तलवारी व दंड यांत दश्शी भारी, पण पेले व नाणी यांत एक्का भारी असतो. निम्म्या रंगांत क्रम उलटवण्याची ही चमत्कारिक रीत दोन दूरच्या देशांना स्वतंत्रपणे सुचणे कठीण आहे. टॅरोचे इतिहासकार व तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी या साम्यावर भर दिला, तो योग्यच होता. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात १९३१ मध्ये लिओ मायर यांना सापडलेल्या इजिप्तच्या मामलूक काळातील पत्त्यांनी ही साखळी आणखी घट्ट केली: त्यांत पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत, आणि एका पानावरील मजकुरात ‘कंजिफा’ हा शब्दच लिहिलेला आहे. इजिप्तचा टॅरोशी संबंध जोडायचाच, तर तो फेरोंच्या पुरोहितांशी नव्हे, मामलूकांच्या पत्त्यांशी जोडावा लागतो.

मग दशावतारीचे काय? राजा, प्रधान व दहा पानांचा सांगाडा इराणी आहे, हे मान्य केल्याने तिचे मोल उणावत नाही. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने उतारी करायची, हा संकेत मोगली प्रकारातील दिवसा सुर्ख (सोन्याचे नाणे) व रात्री सफेद (चांदीचे नाणे) या नियमावरच बेतलेला आहे. पण सोन्याचांदीच्या नाण्यांच्या जागी राम आणि कृष्ण आल्याबरोबर दरबारी डाव देवघराशेजारच्या माजघरात खेळण्याजोगा झाला. हे रूपांतर येथल्याच कारागिरांचे व खेळणाऱ्यांचे आहे आणि त्याचे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे.

सावंतवाडीच्या चितारी कुटुंबांनी ही पाने घडवली. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापून एकेक अवतार कुंचल्याने रंगवायचा आणि वर लाखेचा थर द्यायचा, असे हे चिकाटीचे काम आहे. छापील पत्ते आल्यावर ते जवळजवळ थांबले होते; सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी चितारींकडून ते स्वतः शिकून घेतले आणि राजवाड्यातच कारागीर बसवून १९७० च्या दशकात त्याला पुन्हा उभारी दिली. आज तेथे रंगवलेले संच मुख्यतः भेटवस्तू म्हणून विकत घेतले जातात. चित्रे वाचली, पण ज्या नियमांवरून या खेळाची वंशावळ सिद्ध होते ते सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. म्हणून कोकणातल्या ज्या घरांत माळ्यावर सरकत्या झाकणाची जुनी पेटी असेल, त्यांनी पाने सुटी करून विकू नयेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना डाव कसा मांडत, उतारी कोणाची आणि कोणत्या रंगात एक्का भारी, एवढे विचारून लिहून ठेवावे.