पाचांतला एक

शनिवारी उन्हे कलली की वापीकडून सिल्वासाकडे येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गुजरातेतून येणारी ही मंडळी दमणगंगेचे पात्र पाहायला येतात, असे आमच्या गावचा एखादा भाबडा माणूसही म्हणणार नाही. गावात मराठी, गुजराती, वारली, कोकणी, ढोडिया अशा कितीतरी बोली कानावर पडतात. पण बाहेरच्या पाहुण्याला सिल्वासा म्हटले की एकच गोष्ट आठवते. पुण्या-नाशिकचे नातलगही डोळे मिचकावून म्हणतात, “तुमच्याकडे काय बुवा, सगळे मोकळे!” आपण कसेनुसे हसतो आणि विषय बदलतो.

गेल्या दिवाळीत मात्र विषय बदलता आला नाही. पुण्यात नोकरी करणारे आमचे चिरंजीव पिशवीतून झाकणाचे एक चकचकीत भांडे घेऊन आले. “बाबा, हा शेकर. आपण घरीच कॉकटेल करू. तुम्हीही बसा.” सौभाग्यवतींनी फराळाचे ताट जरा जोरातच खाली ठेवले. “अहो, ऐकताय ना? आपल्या घरात हे इंग्रजी थेर कधी झाले नाहीत.” मला दोघांचेही पटत होते. मुलगा तिशीचा. तो बाहेर पितच असणार. मग घरी, आईबापांच्या नजरेसमोर थोडी घेतली तर बिघडले कुठे? पण या गावात दारूने बसलेली घरेही आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. निर्णय पुढे ढकलायचा असला की मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

पहिली गंमत अशी की या ‘इंग्रजी थेरां’चा मूळपुरुष आपल्याच किनाऱ्यावर वाढलेला दिसतो. आजच्या कॉकटेलांच्या आधी जगभर ज्या मिश्रपेयाचा बोलबाला होता त्याचे नाव पंच. इंग्रजी लिखाणात हा शब्द प्रथम सापडतो तो १६३२ सालच्या एका पत्रात, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने हिंदुस्थानातूनच लिहिलेले आहे. पुढे १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेस आला. इंग्रजांच्या वखारीत दर शुक्रवारी प्रार्थना आटोपल्यावर काही मंडळी जमत आणि मायदेशी राहिलेल्या आपल्या बायकांच्या खुशालीसाठी पीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्या पेयात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे. नाव त्याने ‘पालेपुंत्झ’ असे काहीतरी वेडेवाकडे लिहिले आहे. सुरत येथून काही तासांच्या वाटेवर. म्हणजे हे पेय आपल्या शेजारच्या अंगणातले!

दुसरा साक्षीदार शिवकालाच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर. मोगल किल्लेदाराच्या घरच्या रुग्णांसाठी जुन्नरला जाऊन आलेला हाच तो. १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तो गोव्याजवळच्या नेरूळची गोष्ट सांगतो. तिथे उत्तम अर्क निघतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून माणसाचे बळ हरणारे एक पेय बनवतात. त्यात पाच जिनसा पडतात म्हणून त्याचे नाव हिंदुस्थानी ‘पाच’वरून पडले, असे तो म्हणतो. काही भाषाभ्यासक हा शब्द दारूच्या एका प्रकारच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण तीनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने तो अर्थ इथेच ऐकला होता, एवढे तर खरे.

पाच जिनसा कोणत्या? कडक, आंबट, गोड, पाणी आणि मसाला. अर्क, लिंबू, साखर, पाणी आणि वरून किसलेले जायफळ. यांतले लिंबू, साखर, जायफळ आपल्या स्वयंपाकघरात नाही असे घर दाखवा! पन्हे करणाऱ्या गृहिणीला हे गणित कोणी शिकवायला नको. आंबटाची धार गोडाने बोथट होते, गोडाचा चिकटपणा आंबटाने तुटतो, पाण्याने सगळे सैल होते आणि वेलची किंवा जायफळ शेवटी सुवासाने बांधून घेते. पंचात यात मद्याची भर पडते, एवढेच. पण ते पाचांतला एक म्हणून येते, पंगतीचा यजमान म्हणून नव्हे. हा मुद्दा माझ्या मनात ठसला.

इथून हे पेय जहाजांवरून लंडनला, वेस्ट इंडीजच्या बेटांवर आणि अमेरिकेत गेले. १७४० साली ॲडमिरल व्हर्नन याने आपल्या आरमारातील खलाशांना रम निव्वळ न देता चौपट पाणी घालून द्यावी असा हुकूम काढला, कारण निव्वळ रम पिऊन खलाशी डोलकाठीवरून पडत आणि शिस्तीचा बोजवारा उडे. त्या पाणीदार रमेत लिंबू-साखर घालायलाही त्याने सांगितले. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर देताना ‘कॉकटेल’ या नव्या पेयाची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. १८३३ साली अमेरिकेतून बर्फाचे जहाज कलकत्त्याला आले, पुढे मुंबईकरांनाही बर्फ मिळू लागला आणि गार पेयांची चैन सुरू झाली. १८६२ साली जेरी थॉमस या अमेरिकन माणसाने मिश्रपेयांचे पुस्तक काढले त्यात पंचाचे कितीतरी प्रकार आहेत. आज ज्यांना अभिजात म्हणतात त्या व्हिस्की सावर, डायकिरी, टॉम कॉलिन्स या पेयांचा सांगाडा पाहा. मद्य, लिंबू, साखर. पंचाचीच ही नातवंडे.

आता घरातल्या परंपरेकडे येऊ. ‘आपल्यात हे नव्हतेच’ हे म्हणणेही इतिहासाला धरून नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक सबंध प्रकरण आहे. गूळ, पिंपळी, मिरी घालून केलेल्या मैरेयाची कृती त्यात आहे. मद्याच्या धंद्यावर राजाची करडी नजर असावी असे सांगणारा हा कडक ग्रंथकार कुटुंबवत्सल गृहस्थाला मात्र एक सवलत देतो. घरच्या कार्याला पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट त्याने घरी करावे. उत्सव-यात्रांसाठीही चार दिवसांची मुभा आहे. म्हणजे प्रसंग ठरलेला, दिवस मोजलेले.

आमच्या हवेलीच्या डोंगराळ पाड्यांतही नेमकी हीच रीत होती. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले रात्री गळतात. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. फुले वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची, मग मडक्यात चुलीवर चढवून वाफ नळीने गार करायची. ताडाची आणि शिंदीची ताडी तर झाडावरूनच उतरते. वारली चित्रांत झाडावर चढलेला ताडी काढणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला असतो. लग्न, पेरणीनंतरचे देवकार्य, मयताचा विधी या साऱ्यांत दारूची धार आधी जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. पिणे होते, भरपूरही होते. पण ते पाड्याच्या नजरेखाली होते.

हे मोडले कसे? सीमेपलीकडच्या इंग्रजी मुलखात १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराचे दुकान कायदेशीर ठरले. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. स्वतःच्या शिवारातले फूल वेचून घरात ठेवणे हा अपराध! सरकारला महसूल हवा होता, मक्तेदाराला गिऱ्हाईक हवे होते. जे सणाला होत असे ते रोज उधारीवर मिळू लागले, आणि उधारीपोटी धान्य, बैल, जमीन जाऊ लागली. १९२२ साली याची उलट लाट उठली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत सुरू झालेले देवीचे वारे सुरत जिल्ह्याच्या आदिवासी भागात पोचले. अंगात आलेली देवी सांगे : दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे पाऊल टाकू नका. हजारो माणसांनी दारू सोडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर सबंध पुस्तक लिहिले आहे. बाहेरून कोणी येऊन उपदेश करण्याआधीच त्या माणसांनी आपल्या दुःखाचे मूळ ओळखले होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आमची हवेली तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. तीही एका जहाजापायी! १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सान्ताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले. १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा पोर्तुगीजांकडे गेले. १९५४ च्या २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यासाठी सुधीर फडके यांच्यासारखा गायक जिवावर उदार होऊन झटला, हे मराठी माणसाला सांगायला नको. पुढे ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात विलीन होऊन केंद्रशासित झाला.

मधल्या काळात शेजारी मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. १९६० साली राज्य विभागले गेल्यावर गुजरातने ती चालू ठेवली, महाराष्ट्राने टप्प्याटप्प्याने सैल केली. आमचा तुकडा या साऱ्याच्या बाहेर राहिला. म्हणून शनिवारची ती रांग! अठराव्या शतकात पकडलेल्या एका जहाजाचे देणे आम्ही असे अजून फेडतो आहोत. रांगेतून आलेला माणूस घाईत असतो. रात्रीच्या आत परतायचे, बाटली बरोबर नेता येत नाही, नेली तर गुन्हा. मग जे प्यायचे ते इथेच, भराभर. चवीला, बरोबरच्या माणसाला आणि मापाला वेळ कुठून असणार?

हे सारे मी घरात वाचून दाखवत होतो तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या वारली मावशी ओटा पुसत ऐकत होत्या. त्यांचा नवरा दारूने गेला. मी जरा ओशाळून थांबलो. त्याच म्हणाल्या, “दादा, माझी आजी मोहाची गाळायची. पण देवाला दाखवल्याबिगर कोणाला घोट नाय मिळायचा. माझ्या माणसाने दुकानातली प्यायली. तिथे कोण सांगणार, आता पुरे म्हणून?” माझ्या साऱ्या टिपणांपेक्षा त्यांचे ते दोन शब्द वजनदार निघाले. आता पुरे.

शेवटी भाऊबिजेच्या संध्याकाळी आमच्या घरी पंच झाला. कायद्याने विकत घेतलेल्या मद्यात लिंबू-साखर मिसळणे निराळे आणि घरी भट्टी लावणे निराळे. दुसरे गुन्हा तर आहेच, शिवाय विषारीही ठरू शकते. ज्या राज्यात बंदी आहे तिथल्या वाचकांनी मद्य वगळूनच पुढची कृती करावी. वेस्ट इंडीजमध्ये चालत आलेले प्रमाण सोपे आहे : एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पाणी. पाच-सहा लिंबांच्या सालीचा वरचा पिवळा पापुद्रा पाव वाटी साखरेत चुरून तासभर ठेवावा. साखर ओलसर आणि सुवासिक होते. मग तिच्यात त्याच लिंबांचा शंभर मिलिलिटर रस, सम प्रमाणात साखर-पाणी घेऊन केलेला दोनशे मिलिलिटर पाक, तीनशे मिलिलिटर रम किंवा गोव्याची काजूफेणी आणि चारशे मिलिलिटर गार पाणी घालून ढवळावे, गाळावे. गोड फार वाटले तर पाक कमी करावा. वरून जायफळ किसावे आणि बर्फाचा एक मोठा तुकडा सोडावा. आठ जणांना पुरते. प्रत्येकाच्या वाट्याला मद्य येते ते चाळीस मिलिलिटरच्या आत. भांडे संपले की कार्यक्रम संपला, दुसरे करायचे नाही. गाडी चालवायची असलेल्याला, लेकरांना आणि ज्यांना नको त्यांना याच रीतीने मद्याऐवजी कोकमाचे आगळ थोडे घालून, चवीपुरते मीठ टाकून द्यावे. चार जिनसा शाबूत राहतात. पंगतीला काही उणे पडत नाही.

चिरंजीवांचा शेकर कपाटातच राहिला, कारण पंच एका मोठ्या पातेल्यात होतो आणि पळीने वाढला जातो. वाढायला त्याची आई बसली. तिने स्वतः कोकमाचे घेतले. मुलाने दुसऱ्यांदा पेला पुढे केला तेव्हा तिने पळी पातेल्यात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “आता पुरे. जेवायला वाढते.”

त्याने पेला खाली ठेवला आणि पाट मांडायला उठला.