जिवाणूची दोन जेवणे

बैलापुढे हिरवी वैरण आणि वाळलेला कडबा एकदमच टाकला, तर तो आधी कशाला तोंड लावतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण ज्याला तोंड नाही, डोळे नाहीत, असा जिवाणूही खाण्यात अशीच निवड करतो. ती तो कशी करतो, हे उमगायला मात्र शास्त्रज्ञांना अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्याचीच ही हकीकत.

सन १९४०. पॅरिस शहर जर्मन फौजांच्या ताब्यात होते. तिथल्या सॉर्बोन विद्यापीठात जाक मोनो हा तरुण जिवाणूंची वाढ मोजीत होता. त्याने त्यांना दोन शर्करा एकत्र मिसळून दिल्या. आलेखाची रेघ चढली, मध्येच सपाट झाली आणि पुन्हा चढली! म्हणजे पहिली शर्करा संपेपर्यंत दुसरीला जिवाणूंनी हात लावला नाही. मग ते थोडे थबकले आणि दुसरीवर वाढू लागले. मोनोने या दुहेरी वाढीला ‘डायऑक्सी’ असे नाव दिले. १९४१ साली त्याचा प्रबंध पुरा झाला.

आपल्या आणि गुराढोरांच्या आतड्यांत राहणारा ‘ई. कोलाय’ हा जिवाणू घ्या. त्याला ग्लुकोज आणि दुधातील लॅक्टोज दोन्ही दिली, तर तो आधी ग्लुकोज संपवतो. लॅक्टोज आत घेणारे दार म्हणजे ‘पर्मिएज’ हे प्रथिन. ते मोनो व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवून दिले. पुढे १९६५ साली मोनो, जाकोब आणि ल्वॉफ या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ग्लुकोजचाच मान पहिला का, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचा धागा १९६४ साली अमेरिकेत सापडला. सॉल रोझमन, कुंडिग आणि घोष यांनी एक नवी यंत्रणा उजेडात आणली. आग लागली की माणसे विहिरीपासून रांग धरून घागरी हातोहात पुढे देतात ना? तशीच काही प्रथिने फॉस्फेटचा एक कण हातोहात पुढे देतात. शेवटी तो ग्लुकोजला चिकटतो, आणि ग्लुकोज आत येता येताच पचनाला तयार होते. आणणे आणि तयार करणे, दोन्ही कामे एकाच खर्चात!

आता गंमत पाहा. या रांगेतले ‘एन्झाइम दोन-ए’ हे प्रथिन नुसता हमाल नाही, ते पहारेकरीही आहे. ग्लुकोज येत असते तेव्हा त्याच्या हातातली घागर सारखी रिकामी होते. मग हे रिकाम्या हाताचे प्रथिन जाऊन लॅक्टोजचे दार अडवते. ग्लुकोज संपले, की घागर हातातच राहते. मग दार मोकळे होते. शिवाय भरल्या हाताचे हे प्रथिन ‘चक्रीय एएमपी’ नावाचा निरोप्या तयार करायला चालना देते. हा निरोप्या दुसऱ्या शर्करा पचवणारी जनुके जागी करतो. ग्लुकोज असताना ई. कोलायमधील हा निरोप्या घटतो, हे मॅकमन आणि सदरलँड यांनी १९६५ साली दाखवले होते.

त्यामुळे पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांत सारे श्रेय या निरोप्यालाच मिळत राहिले. परंतु १९९६ साली इनादा, किमाता आणि आइबा या जपानी संशोधकांनी बाहेरून चक्रीय एएमपी पुरवून पाहिले. तरीही जिवाणूंनी आधी ग्लुकोजच संपवले! तेव्हा ग्लुकोज-लॅक्टोजच्या या निवडीत दार अडवण्याचाच वाटा मोठा, असे ठरले.

एवढ्याशा जीवाला ही उठाठेव कशासाठी? कारण लॅक्टोज पचवणारी प्रथिने घडवायलाही शक्ती लागते. घरात तयार भाकरी असताना कुणी जाते मांडून बसत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी मोनोची ती रेघ फळ्यावर जरूर काढावी, आणि ती मध्येच सपाट का झाली, हे आधी मुलांनाच विचारावे.