अमेरिकेतील व्यवसाय शिक्षण आणि सरकारी अनुदान : १९१७ चा स्मिथ-ह्यूज कायदा

हाताने काम करण्याचे शिक्षण शाळेत द्यावे की नाही, दिल्यास त्याचा खर्च कोणी उचलावा आणि ते शिक्षण कोणाच्या देखरेखीखाली असावे, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक देशांत चर्चिले गेले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९१७ साली या प्रश्नांना कायद्याने उत्तर दिले. तेथील कॅथलिक शाळांवरही त्या उत्तराचा थेट परिणाम झाला.

पार्श्वभूमी

१८७६ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात रशियातील तांत्रिक शाळेची कार्यशाळा-पद्धती मांडण्यात आली होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन १८८० साली सेंट लुईस शहरात कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी हस्तकौशल्याची शाळा सुरू केली. सुतारकाम, लोहारकाम व यंत्रकाम यांतून मुलाचे हात, डोळे व बुद्धी यांचा एकत्र विकास व्हावा, हा तिचा हेतू होता. एखाद्या विशिष्ट धंद्यासाठी कामगार घडविणे तिला अभिप्रेत नव्हते.

पुढे कारखाने वाढले, उस्तादाच्या हाताखाली धंदा शिकण्याची जुनी रीत मोडकळीस आली आणि असंख्य मुले चौदाव्या वर्षीच शाळा सोडून मजुरीला जाऊ लागली. १९०६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या डग्लस आयोगाने प्रत्यक्ष उद्योगासाठी शिक्षण देण्याची गरज प्रतिपादिली. त्याच वर्षी औद्योगिक शिक्षणाच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९१४ साली काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने मध्यवर्ती सरकारने आर्थिक साहाय्य द्यावे, अशी शिफारस केली. जॉर्जिया राज्याचे सिनेटर होक स्मिथ व प्रतिनिधी डडली ह्यूज यांनी त्यानुसार विधेयक मांडले. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

अनुदानाची रचना

शेती, उद्योगधंदे व गृहशास्त्र या विषयांसाठी हे अनुदान होते. शिक्षण महाविद्यालयीन पातळीच्या खालचे व चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी असावे, अशी अट होती. मध्यवर्ती सरकारच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने अथवा स्थानिक संस्थेने एक डॉलर घालावयाचा होता. हा पैसा मुख्यतः शिक्षकांच्या पगारासाठी व प्रशिक्षणासाठी होता. इमारती व यंत्रसामग्री यांचा भार स्थानिक लोकांवरच राहिला.

१९१७-१८ या पहिल्या वर्षी शेतीसाठी ५ लाख, उद्योगधंदे व गृहशास्त्र यांसाठी ५ लाख, शिक्षक-प्रशिक्षणासाठी ५ लाख आणि मध्यवर्ती मंडळासाठी २ लाख डॉलरची तरतूद होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन १९२५-२६ पर्यंत एकूण रक्कम सुमारे ७२ लाख डॉलरवर गेली. शेतीचा निधी राज्यातील ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात, तर उद्योगांचा निधी शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाई. उद्योगांच्या निधीपैकी किमान एक तृतीयांश भाग कामावर जाणाऱ्या मुलामुलींच्या अर्धवेळ वर्गांसाठी राखून ठेवलेला होता. १९१७ साल संपण्यापूर्वीच सर्व ४८ राज्यांनी ही योजना स्वीकारली.

धार्मिक व खाजगी शाळांचे स्थान

हे शिक्षण सार्वजनिक देखरेखीखालीच असावे, असे कायद्याने ठरविले. धार्मिक अथवा खाजगी शाळेच्या साहाय्यार्थ यातील कोणताही निधी वापरता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट नमूद होते. १८८४ च्या बाल्टिमोर येथील तिसऱ्या प्लेनरी महासभेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असा आदेश दिला होता व आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन अशा स्थलांतरित कुटुंबांनी आपल्या वर्गणीतून या शाळा उभारल्या होत्या. याच कुटुंबांतील असंख्य माणसे गिरण्यांत व कारखान्यांत राबत होती. त्यांच्या मुलांना सरकारी खर्चाचे धंदेशिक्षण हवे असल्यास सार्वजनिक शाळेची वाट धरावी लागे. आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत तसा वर्ग चालवायचा, तर कर भरूनही त्याचा खर्च पुन्हा स्वतःच सोसावा लागे.

आक्षेप

शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१५ च्या सुमारास आणखी एक धोका दाखवून दिला. व्यवसाय शिक्षण सामान्य शिक्षणापासून तोडले, तर श्रमिकांची मुले श्रमिकच राहतील आणि शाळाच समाजात भेद निर्माण करील, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिणेकडील वंशभेद पाळणाऱ्या राज्यांत निधीच्या वाटपाचा अधिकार राज्यांकडे राहिल्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळांना न्याय्य वाटा मिळाला नाही.

पुढील वाटचाल

कायद्याने स्थापन झालेल्या मध्यवर्ती मंडळाकडे १९१८ साली पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना नवा व्यवसाय शिकविण्याचे कामही सोपविण्यात आले. १९६३ च्या नव्या कायद्याने व्यवसाय शिक्षणाची व्याप्ती वाढविली आणि मूळ कायदा १९९७ साली रद्द झाला. तथापि सरकारी पैसा आला की त्याच्या अटीही येतात आणि कोणत्या मुलाला कोणती संधी मिळेल हे त्या अटींवर ठरते, हा या कायद्याच्या इतिहासातून मिळणारा धडा शाळा चालविणाऱ्या प्रत्येक समाजाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.