आवाज बारीक केलेला टीव्ही

जव्हारकडच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेत रंगीत टीव्ही आला, तो डोक्यावरून. शेवटचे दोन मैल गाडीरस्ताच नव्हता. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर केंद्राच्या योजनेतून प्राथमिक शाळांना असे संच मिळू लागले होते. आम्ही बांबूला अँटेना बांधला, पोरांनी तो डोंगर दिसेल तसा फिरवला, आणि मुंग्यांच्या गर्दीतून एकदाचं चित्र उमटलं.

या टीव्हीचा थोरला भाऊ म्हणजे ‘साइट’ हा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, पण प्रयोगाची व्यवस्था सांभाळणारे एकनाथ वसंत चिटणीस कोल्हापूरचे. सकाळचा दीड तास शाळेच्या पोरांसाठी असे. वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालत. केवढं धाडस ते! पण कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओडिया या चारच भाषांत. ओरिसातला फुलबनी जिल्हाही त्यात होता. तिथल्या कंध पोराच्या घरची बोली कुई. त्याच्या कानावर सकाळी ओडिया पडायची.

त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात वेगळं चाललं होतं. पिज गावी छोटं प्रक्षेपण केंद्र होतं, आणि कार्यक्रम करणारी मंडळी कॅमेरा घेऊन गावात जात. माणसं आपल्या बोलीत आपलं गाऱ्हाणं सांगत, नाटकात कामंही करत. १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. मला विचाराल तर उपग्रहापेक्षा ही गोष्ट मोठी.

आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठीतून शाळेसाठी कार्यक्रम बनवणारी हक्काची संस्था. कार्यक्रम मन लावून केलेले असत, यात शंका नाही. पण आमची पहिली-दुसरीची पोरं वारली बोलणारी. पडद्यावरची बाई गोड बोलायची, पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि कार्यक्रम संपला की विचारायची, “गुरुजी, ती काय सांगं होती?”

म्हणून मी आवाज बारीक करायला लागलो. चौथीतला एक पोरगा शिवारातल्या गप्पा रंगवून सांगण्यात पटाईत. त्याला संचाशेजारी उभा केला. चित्र पुण्याचं, बोली पाड्याची. बी रुजताना दाखवलं की तो म्हणे, ही आपली नागली समजा. मग पोरं बोलू लागली, मध्येच त्याला चूकही काढू लागली. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ते रुचलं नाही. “टीव्ही बंद पडलाय का?” म्हणाले. मी आवाज मोठा केला, ते गेल्यावर पुन्हा बारीक.

संच पुढे पावसाळी ओलीनं गेला. २०१७ मध्ये बालचित्रवाणीही बंद झाली. तोवर तरण्या पोरांच्या हातात मोबाइल आले होते. त्यातलाच एक मागून घेतला आणि सातवीच्या पोरांना म्हटलं, आता तुम्हीच पिक्चर काढा. त्यांनी विषय निवडला राबाचा. शेण, टहाळ, पालापाचोळा एकावर एक रचून भाजतात, मग पावसाला तिथंच रोपं टाकतात आणि पुढे आवणी. एका पोरीनं कॅमेरा धरला. आठ मिनिटांचा पिक्चर झाला. ‘थर का लावायचे’ हे पाठ्यपुस्तकात कुठंच नव्हतं, ते त्यांनी आजा-आजीला विचारून आणलं. एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोरगी आजीला प्रश्नावर प्रश्न विचारताना त्यात ऐकू येते.

रात्री धोतराचा पडदा लावून पाड्याला दाखवला. उसना प्रोजेक्टर, जनरेटरची धडधड. सगळे आपली तोंडं ओळखून हसत होते. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, “अरे, वरून माती टाकलीच नाय! वारा सुटला तर पेटता पाला उडंल, कुडाचं घर जळंल!”

पोरं गप्प. राब तर भाजून झाले होते. शेवटी ठरलं, पुढच्या उन्हाळ्यात तेवढा भाग पुन्हा काढायचा, आणि माती टाकायला म्हातारीलाच उभी करायची. ती म्हणाली, “लुगडं नवं आणा मग.”