त्वचेतून इस्ट्रोजेन किती आत जाते? एका प्रश्नाचा इतिहास

मास ट्रान्सफर शिकवताना फिकचा नियम फळ्यावर लिहिला की वर्गात सहसा शांतता असते. चंदीगडच्या माझ्या वर्गात मात्र एकदा एका विद्यार्थिनीने तासानंतर थांबून वेगळाच प्रश्न विचारला. तिच्या आईला रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी इस्ट्राडायोलचे जेल दिले होते. अंगात एकदम उष्णतेच्या लाटा येणे, रात्री घामाने जाग येणे, असा तो त्रास. त्यातले जेमतेम दहा टक्के औषध शरीरात जाते असे कोणीतरी सांगितले, आणि बाईंनी आपल्या मनानेच दुप्पट जेल लावायला सुरुवात केली. मुलीला विचारायचे होते, यात चूक काय?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागते. तुम्हीही सोबत या.

१९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. १९३८ साली लंडनमध्ये डॉड्स आणि सहकाऱ्यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. ते स्वस्त होते, त्यामुळे कारखान्यांतून बनू लागले. १९४२ साली एका ब्रिटिश शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात स्टिलबेस्ट्रॉलचे काम करणाऱ्या दोन पुरुषांच्या स्तनांत वाढ झाल्याची नोंद आली. अशा कामगारांच्या नाकातोंडात धूळ जात असेल, हे खरे. पण कातडी म्हणजे पक्की भिंत नव्हे, अशी शंका घ्यायला जागा झाली. कामगाराच्या अंगावर आधी दिसायचे आणि प्रयोगशाळेने नंतर मोजायचे, हा क्रम तुम्हाला औद्योगिक इतिहासात पुन्हा पुन्हा भेटेल.

मोजमाप यायला १९६० चे दशक संपत आले. फेल्डमन आणि मायबाख यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण केलेली स्टिरॉइडे माणसांच्या हाताच्या आतल्या बाजूला लावली आणि पुढचे काही दिवस लघवीतून किती खूण बाहेर पडते ते पाहिले. १९६९ च्या त्यांच्या आकड्यांत इस्ट्राडायोल सुमारे १० टक्के, तर हायड्रोकॉर्टिसोन २ टक्क्यांच्या आतच. विद्यार्थिनीच्या आईपर्यंत पोचलेल्या 'दहा टक्क्यां'ची नाळ इथवर पोचते. त्याच दोघांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोनवर दाखवले होते की शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून शोषण वेगवेगळे होते. अंडकोषाच्या त्वचेतून ते हाताच्या मानाने चाळीसपटींहून जास्त होते.

आता इंजिनियर मंडळी येतात. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत आवडतो. उरुग्वेत जन्मलेल्या अलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात अल्झा ही कंपनी काढली. तिथले संशोधक मायकेल्स, चंद्रशेखरन आणि शॉ यांनी १९७५ साली औषधशास्त्राच्या नव्हे, रासायनिक अभियांत्रिकीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर, म्हणजे शृंगस्तर, त्यांनी विटांच्या भिंतीसारखा मांडला : पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे चुना. तपासलेल्या औषधांत इस्ट्राडायोलही होते. त्याचा रेणुभार २७२, म्हणजे लहान, आणि तेलाशी जवळीक. म्हणून ते चुन्यातून वाट काढू शकते. इन्सुलिनला ते जमत नाही.

१९८६ साली अमेरिकेत इस्ट्राडर्म या पट्टीला मान्यता मिळाली. तिची रचना वर्गात काढून बघा. बाहेर पाठीचा थर, आत अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या इस्ट्राडायोलची साठवण, मग औषधाचा वेग धरून ठेवणारा बहुवारिकाचा पडदा आणि शेवटी चिकट थर. १० चौरस सेंटिमीटरच्या पट्टीत ४ मिलिग्रॅम औषध असे, आणि ती दिवसाला ०.०५ मिलिग्रॅम सोडते असे लिहिलेले असे. आठवड्यातून दोनदा बदलायची. म्हणजे साडेतीन दिवसांत ०.१७५ मिलिग्रॅम आत गेले. भागून बघा : साडेचार टक्केही नाही!

उरलेले ९५ टक्के वाया गेले का? नाही. विसरण संहतीच्या फरकावर चालते. पट्टीतला साठा निम्म्यावर आला तर वेगही घसरतो. भरपूर साठा ठेवला की वेग जवळजवळ स्थिर राहतो. (वापरलेली पट्टी म्हणून दुमडून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टाकायची असते.) टक्केवारी विचारण्यापेक्षा दिवसाला किती मायक्रोग्रॅम, हे विचारायला हवे. गोळीचा हिशेबही बघा. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्राडायोलपैकी सुमारे ५ टक्केच त्या रूपात रक्तात पोचते. बाकीचे आतडे आणि यकृत बदलून टाकतात.

यकृताचा हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला. फ्रान्समध्ये जेल १९७० च्या दशकापासूनच वापरात होते. २००३ साली तिथल्याच 'एस्थर' अभ्यासात दिसले की तोंडावाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे साडेतीनपट होता. त्वचेवाटे घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, हे लक्षात ठेवा.

माटुंग्याच्या यूडीसीटीतून १९९२ साली रासायनिक अभियंता झालेले समीर मित्रगोत्री या गोष्टीत नंतर येतात. एमआयटीत ब्लँकश्टाइन आणि लँगर यांच्यासह त्यांनी १९९५ साली दाखवले की कमी वारंवारतेच्या अल्ट्रासाउंडने इन्सुलिनसारखी मोठी प्रथिनेही त्वचेतून नेता येतात. अल्ट्रासाउंड त्वचेत नेमके काय करते, हे तपासताना इस्ट्राडायोल हा त्यांचा एक चाचणी-रेणू होता. भिंत समजून घ्यायला तिच्यातून मुळातच जाणारा पाहुणा सोयीचा पडतो.

भिंत मात्र प्रत्येकीची सारखी नसते. पट्टीवर छापलेला ०.०५ हा आकडा सरासरीचा आहे. ब्रिटनमधल्या सुमारे दीड हजार बायकांच्या अलीकडच्या एका अभ्यासात, मान्यताप्राप्त सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाच्या रक्तात इस्ट्राडायोल अपेक्षेहून कमी होते. म्हणजे 'मला फरकच पडत नाही' म्हणणारी बाई खरेच बोलत असू शकते. उलट, दुसरीला तीच मात्रा जास्तही होऊ शकते. गर्भाशय असलेल्या बाईच्या बाबतीत जास्त इस्ट्रोजेनने आतले अस्तर वाढत राहते. त्यासाठी प्रोजेस्टोजेन सोबत द्यावे लागते आणि तेही इस्ट्रोजेनच्या मात्रेला पुरेसे असावे लागते.

तर त्या आईचे जेल : १.२५ ग्रॅममध्ये ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे ०.०७५. हे 'दहा टक्के' मात्रा ठरवतानाच धरलेले असतात. दुप्पट लावले की न सांगता मात्रा वाढवल्यासारखे झाले, आणि प्रोजेस्टोजेन तेवढेच राहिले. मी विद्यार्थिनीला सांगितले, आईला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा, खरे किती लावते ते सांग आणि रक्त तपासायचे का ते विचार. शिवाय जेल वाळेपर्यंत तो हात धाकट्या भाच्याला लागू देऊ नकोस म्हणावे. त्याचीही त्वचा तशीच विटा-चुन्याची आहे.