आगबोटीच्या पोटातली माणसे

१/ सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून इंग्लंडला जाण्यासाठी आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. या मार्गावरच्या आगबोटींचा इतिहास बहुधा वरच्या डेकवरून सांगितला जातो. हा थ्रेड इंजिनखोलीचा आहे.

२/ १८६२ च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी जाणाऱ्या आगबोटींवर परीक्षा उत्तीर्ण इंजिनिअर बंधनकारक केला. प्रत्यक्षात मात्र पुस्तकी ज्ञानाइतकीच त्याच्या हाता-कानांची कसोटी लागे. बेअरिंगला तेल कमी पडले की ते तापे आणि आतला मऊ धातू वितळू लागे. म्हणून इंजिनिअर चालत्या यंत्राच्या लयीत हात पुढे करून फिरता सांधा चाचपून पाही. लय चुकली की बोटे जात. त्यातच पायाखालची बोट सतत हेलकावत असे.

३/ चार तास पाळी, आठ तास विश्रांती, असे दिवसातून दोनदा. बिघाड झाला की विश्रांतीही गेली. बंदरात प्रवासी उतरत, तेव्हा हे लोक पुरत्या न निवलेल्या बॉयलरमध्ये शिरून आतला क्षार खरवडून घेत.

४/ इंजिनिअर बहुतेक ब्रिटिश, त्यांतही स्कॉटिश पुष्कळ. भट्टीपुढे मात्र हिंदी खलाशी असत. आगवाला भट्टीत कोळसा टाकी, लांब सळईने निखारे फोडी, राख ओढून काढी. कोळसेवाला अंधाऱ्या कोठारातून कोळसा वाहून आणी. त्यांच्यावर तांडेल आणि सारंग.

५/ तांबड्या समुद्रात भट्टीपुढचे तापमान ५० अंशांपर्यंत चढे. वारा पाठीमागून, बोटीच्याच वेगाने आला, तर हवा खाली उतरतच नसे. माणसे भोवळ येऊन पडत. अशा वेळी काही कप्तान बोट वाऱ्याकडे वळवून खाली हवा पोहोचवीत.

६/ मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कामांची वाटणी प्रांतांनुसार होती. डेकवर कोकण आणि गुजरातचे खलाशी, जेवणघरात गोवेकर, भट्टीवर मुख्यतः पंजाबी आणि पठाण.

७/ ‘हिंदी माणसाला उष्णता बाधत नाही’ हा समज कंपन्यांना सोयीचा होता. पंजाब आणि सरहद्दीकडचा हिवाळा किती कडक असतो, याचा विचार त्यात नव्हता. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला झोपण्या-राहण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा ठरवली होती. हिंदी कायद्यानुसार लष्करांना, म्हणजे हिंदी खलाशांना, ३६ घनफूट पुरेशी मानली गेली. पगारही गोऱ्या खलाशांपेक्षा बराच कमी होता.

८/ पुढे तेलावर चालणारे बॉयलर आणि डिझेल इंजिने आली, फावडी गेली. जुन्या छायाचित्रांत आगबोटीच्या धुरांड्यातून काळा धूर निघताना दिसतो. त्या क्षणी खाली कोणीतरी भट्टीत कोळसा टाकत होते. त्यांतल्या बहुतेकांची नावे त्या छायाचित्रांखाली कधीच छापली गेली नाहीत.