वाळूच्या कणांची गणना

समुद्रतीरावरील वाळू अगणित आहे, असें मानण्याची चाल फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत सिराक्यूज येथील आर्किमिडीज यानें हा समज खोडून काढण्यासाठीं राजा गेलॉन यास उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला. तीरावरील वाळू तर राहोच. सारें विश्व वाळूनें भरलें तरी तिचे कण संख्येनें सांगतां येतात, अशी त्याची प्रतिज्ञा होती.

अडचण होती ती संख्यांच्या नांवांची. ग्रीकांचें सर्वांत मोठें संख्यानाम ‘मिरिअड’, म्हणजे दहा हजार. आपल्या घरांतून पाठ होणारी ‘एकं, दहं, शतं’ ही माळदेखील परार्धाशीं, म्हणजे १० च्या १७ व्या घाताशीं थांबते. आर्किमिडीजला तिच्याही फार पलीकडे जावयाचें होतें. त्यानें दहा कोटि हें नवें एकक धरून श्रेणीवर श्रेणी रचली, आणि एक नियम सिद्ध केला: एकापासून दहापटीनें वाढणाऱ्या ओळींतील दोन संख्या गुणावयाच्या असतां एकापासून त्यांच्या अंतरांची बेरीज करावी.

विश्व मोठ्यांत मोठें घ्यावें म्हणून त्यानें अरिस्टार्कसचें मत निवडलें. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोंवतीं फिरते, असें अरिस्टार्कस म्हणे. त्याचा तो ग्रंथ नष्ट झाला. त्या मताची सर्वांत जुनी साक्ष वाळूच्या या हिशेबांतच उरली आहे.

हिशेब असा. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेंत वाळूचे कण फार तर १०,०००. असे ४० दाणे ओळीनें ठेवले कीं एका बोटाची रुंदी भरते. तेव्हां बोटभर व्यासाच्या गोलांत ६४,००० दाणे, म्हणजे ६४ कोटि कण; ते वाढवून १० चा ९ वा घात धरले. ताऱ्यांच्या गोलाचा व्यास १० च्या १४ व्या घाताइतक्या स्टेडियनांहून कमी, आणि स्टेडियन हें ग्रीक माप १०,००० बोटांहून कमी. चौदा आणि चार मिळून अठरा. घनफळासाठीं त्याची तिप्पट चोपन्न. त्यांत नऊ मिळवितां त्रेसष्ट. साऱ्या विश्वांतील कण १० च्या ६३ व्या घाताहून कमीच भरले!

इ. स. पू. २१२ मध्यें रोमन सैन्यानें सिराक्यूज घेतलें, तेव्हां आर्किमिडीज मारला गेला. घातांक अंकाच्या खांद्यावर लिहिण्याची रीत फ्रेंच पंडित देकार्त याच्या १६३७ च्या ग्रंथापासून रूढ झाली. आज शाळेंतील विद्यार्थी प्रकाशवर्ष काढतो तें याच वाटेनें. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारें ३ गुणिले १० चा ५ वा घात किलोमीटर. वर्षाचे सेकंद सुमारें ३.१५ गुणिले १० चा ७ वा घात. तीन आणि ३.१५ यांचा गुणाकार ९.४५, पांच आणि सात यांची बेरीज बारा. म्हणजे ९.४५ गुणिले १० चा १२ वा घात किलोमीटर. ज्याला ‘अगणित’ म्हणून सोडून द्यावें, तें एका लहानशा बेरजेनें हातीं येतें.